यजमान कोण, पाहुणा कोण?

मोर्शी भागात संत्र्याच्या मृग बहारासाठी झाडांना पाण्याचा ताण देतात. हा ताण किती दिवस द्यावा, याबाबत प्रत्येक बागायतदाराचे मत वेगळे. तालुक्यातील एका शाळेतील काही विद्यार्थ्यांनी ठरवले की मते बाजूला ठेवून मातीचा ओलावा मोजायचा. त्यांनी रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड घेतला. योजना साधी होती. बागेत असताना बोर्डाने पेनड्राइव्हवर नोंदी लिहायच्या आणि शाळेत आणल्यावर तोच बोर्ड केबलने संगणकाला जोडून त्या नोंदी उतरवून घ्यायच्या.

यात एक अडचण दडलेली आहे. पेनड्राइव्ह जोडलेला असतो तेव्हा बोर्ड यजमान असतो, आणि संगणकाला जोडला की तोच पाहुणा होतो. सॉकेट मात्र एकच. विद्यार्थ्यांनी आधी शाळेतील जोडणी जमवली. मग अडॅप्टर लावून कीबोर्ड जोडला, तर अक्षर उमटेना. पेनड्राइव्हही दिसेना. चार दिवसांनी बोर्ड ‘जळाला’ असे ठरले आणि ज्या मुलीने तो शेवटचा हाताळला होता तिच्यावर ठपका आला. आम्ही तो बोर्ड पाहिला. तो पूर्णपणे शाबूत होता. तेव्हा येथे परीक्षण करायचे आहे ते बोर्डाचे नव्हे, तर भूमिकाबदलाच्या या व्यवस्थेचे आणि ती समजावून सांगणाऱ्या मार्गदर्शिकांचे.

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ची. ती घडवणाऱ्यांत बडोद्याला शिकलेले आणि पुढे इंटेलमध्ये गेलेले अजय भट्ट हे एक प्रमुख नाव. या रचनेत बोलण्याचा पहिला अधिकार यजमानाचा. पाहुण्याने विचारल्याशिवाय बोलायचे नाही. पाच व्होल्टचा पुरवठाही यजमानच करतो. पाहुणा आल्याची वर्दी मिळते ती एका रोधामुळे. यजमानाकडे दोन्ही विदा-तारा १५ किलोओहमने जमिनीकडे ओढलेल्या असतात. पाहुणा त्यातील एक तार १.५ किलोओहमने वर ओढतो आणि यजमानाला कळते की कोणीतरी दाराशी आले. हे सारे वर्गात फळ्यावर काढून दाखवता येते.

त्या मूळ रचनेतील सर्वांत चांगली गोष्ट, आमच्या मते, प्लगचा आकार. यजमानाच्या बाजूला चपटा, पाहुण्याच्या बाजूला चौकोनी. प्रिंटरची केबल आठवावी. उलटी जोडणेच शक्य नाही. नियम पाठ करण्याची गरज नव्हती, तो हाताला कळत असे.

पुढे कॅमेरा थेट प्रिंटरला जोडावा असे लोकांना वाटू लागले. त्यासाठी डिसेंबर २००१ मध्ये ‘ऑन-द-गो’ ही पुरवणी आली. एकच सॉकेट दोन्ही भूमिका करील, असे त्यात ठरले. भूमिका ओळखण्यासाठी छोट्या प्लगमध्ये पाचवी जोडणी वाढवली. मांडणीत तिचा क्रमांक चौथा, आणि तिचे नाव ओळख-पिन. ती प्लगच्या आतच जमिनीला जोडलेली असेल तर बोर्डाने यजमान व्हायचे, मोकळी असेल तर पाहुणा. कल्पना हुशारीची आहे, हे मान्य केले पाहिजे. पण आकार जे उघड सांगत होता ते आता प्लगच्या पोटात गेले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन अडॅप्टरांपैकी एकात ही पिन जोडलेली आणि दुसऱ्यात मोकळी, असे सर्रास होते. केबल न काढता आपसात बोलणी करून भूमिका बदलण्याची सोयही त्या पुरवणीत होती. व्यवहारात ती फारच थोड्या उपकरणांनी वापरली.

आता मोर्शीच्या बोर्डाकडे. त्यात एक नव्हे, दोन दोष एकत्र आले होते. शाळेतील जोडणीसाठी मुलांनी एका मार्गदर्शिकेतून मांडणीच्या फाइलीत एक ओळ उतरवली होती. त्या ओळीने यूएसबी नियंत्रकाला कायमचे पाहुणा करून टाकले होते. शिवाय बाजारातून आणलेल्या अडॅप्टरमध्ये ओळख-पिन मोकळी होती. मुलांनी अडॅप्टर बदलून पाहिला, कीबोर्ड चालला नाही, म्हणून पहिला परत लावला. मग ओळ बदलली, तरी चालला नाही, म्हणून ओळही पूर्ववत केली. एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपणच त्यांना शिकवतो. ते नियमाला धरूनच वागत होते. पण दोष दोन असतील आणि निकाल फक्त ‘चालले’ किंवा ‘नाही चालले’ एवढाच पाहिला जात असेल, तर प्रत्येक बदल मागे घेत राहिल्याने उत्तर कधीच सापडत नाही.

उत्तर मधल्या खुणांत असते. वाय-फायवरून दुसऱ्या संगणकाने बोर्डात शिरून यूएसबीची यादी मागवली. ती साफ रिकामी होती, मूळ हबसुद्धा नाही. याचा अर्थ नियंत्रक यजमान होण्यास तयारच नाही, म्हणजे दोष मांडणीत. ओळीतील ‘पेरिफेरल’ या शब्दाच्या जागी ‘ओटीजी’ लिहून बोर्ड पुन्हा सुरू केला. कीबोर्ड तरीही मुकाच, पण यादीत मूळ हब आला होता. एक दोष गेला, एक उरला. मग मल्टीमीटरने अडॅप्टरच्या चौथ्या आणि पाचव्या पिनांत सलगता तपासली. टोकदार प्रोब, शक्य तर शिवणाची सुई बांधलेली, लागते. सलगता नव्हती. दुसऱ्या अडॅप्टरात ती होती, आणि तो लावताच कीबोर्ड बोलू लागला.

मुलांना सर्वांत जास्त फसवले ते कीबोर्डावरच्या दिव्याने. दिवा लागतो, म्हणजे जोडणी ठीक, असे त्यांनी धरले. या बोर्डावर वीज घेण्याचे सॉकेट आणि विदेचे सॉकेट यांचे पाच व्होल्ट आतून एकच आहेत. म्हणून भूमिका कोणतीही असो, वीज बाहेर जातेच. वीज मिळणे आणि संवाद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही पाहिलेल्या मार्गदर्शिकांत हे एका वाक्यानेही सांगितलेले नाही. ‘केबल बदला, नाहीतर मांडणी बदला’ एवढ्यावर त्या थांबतात. याच रचनेमुळे बोर्ड वेगळ्या अडॅप्टरवर चालू असताना तो संगणकालाही जोडू नये, दोन पुरवठे समोरासमोर येतात. ही सूचना तर प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर हवी.

२०१४च्या टाइप-सी जोडणीने ओळख-पिन काढून टाकली आणि तिच्या जागी दोन नियंत्रण-पिना व रोध आणले. येथे वीज देणारा आणि संवाद चालवणारा वेगवेगळे असू शकतात. लॅपटॉप यजमान राहूनही पडद्याकडून वीज घेतो. पाहुण्यानेच शिदोरी आणावी, तसे. ही सुधारणा खरी आहे, पण दोन्ही टोके आता एकसारखी दिसतात, म्हणजे डोळ्यांना मिळणारी शेवटची खूणही गेली. तज्ज्ञही येथे चुकतात. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४च्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही नियंत्रण-पिनांना स्वतंत्र ५.१ किलोओहम देण्याऐवजी एकच रोध सामाईक दिला होता. चिप असलेल्या केबलीत सुमारे एक किलोओहमचा रोध असतो. दोन्ही समांतर जोडून पाहा: ५.१ भागिले ६.१, म्हणजे सुमारे ०.८४ किलोओहम. चार्जरला दोन्ही पिनांवर हाच आकडा दिसे. तो बोर्डाला ध्वनि-जोडणी समजे आणि वीजच देत नसे. निर्मात्यांनी चूक मान्य केली आणि पुढील आवृत्तीत ती दुरुस्त केली. समांतर रोधांचे याहून चांगले उदाहरण आम्हाला पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही.

लिनक्समध्ये २०१८ पासून भूमिकाबदलासाठी सामाईक व्यवस्था आहे. ज्या बोर्डांवर ती जोडलेली असते तेथे सध्याची भूमिका एका छोट्या फाइलीत सरळ वाचता येते. असे वाचता येणे हीच या साऱ्या प्रवासातली विद्यार्थ्याच्या उपयोगाची गोष्ट, आणि तीच मार्गदर्शिकांत शेवटच्या पानावर असते, असली तर.

मोर्शीच्या त्या मुलीने आता शाळेतील सर्व अडॅप्टर मल्टीमीटरने तपासून त्यांना कागदी पट्ट्या चिकटवल्या आहेत. सातांपैकी तीन ‘पाहुणा’ निघाले.