स्तोत्रांचा धाडसी भाष्यकार

अंत्यविधीच्या मिस्सेत तेविसावे स्तोत्र गायिले जाते, तेव्हा प्रभूच्या मंदिरात वस्ती करण्याचा त्यातील अखेरचा उद्गार आपण स्वर्गाविषयीचाच मानतो. मूळ इब्री शब्दांचा सरळ अर्थ मात्र ‘दिवसांची दीर्घता’ एवढाच होतो. तेथे अनंत जीवनच अभिप्रेत आहे, असे आग्रहाने मांडणारे पंडित म्हणजे येशूसंघीय फादर मिचेल डाहूड.

त्यांचा जन्म १९२२ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात झाला. थोर प्राच्यविद्यापंडित ऑल्ब्राइट यांच्यापाशी अध्ययन करून पुढे ते रोममधील पोपप्रणीत बायबल संस्थेत प्राध्यापक झाले. १९८२ साली रोममध्येच त्यांचे निधन झाले.

१९२८ साली सिरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याच्या नांगराला थडग्याचा दगड लागला. पुढील वर्षी सुरू झालेल्या उत्खननात उगारित नगरीतील मातीच्या लिखित पाट्या हाती आल्या. त्यांची भाषा इब्रीची जवळची नातलग. तेथे बआल दैवताला ‘मेघांवर आरूढ होणारा’ म्हटले आहे; त्यामुळे अडुसष्टाव्या स्तोत्रातील एका दुर्बोध बिरुदावर प्रकाश पडला.

हाच दिवा हाती घेऊन डाहूड यांनी सर्व १५० स्तोत्रांवर भाष्य लिहिले. त्याचे तीन खंड १९६६ ते १९७० या काळात प्रसिद्ध झाले. प्राचीन इब्री लेखनात मुख्यतः व्यंजनेच असत. स्वरचिन्हे पुष्कळ नंतरची. म्हणून व्यंजने शक्यतो जपावीत आणि स्वर नव्याने लावून पाहावेत, ही त्यांची रीत. पाठाविषयीचा हा आदर आम्हांस मोलाचा वाटतो.

परंतु दिव्याचा प्रकाश पोहोचत नाही तेथेही त्यांना वाट दिसू लागली. ‘जीवन’ हा साधा शब्द अनेक ठिकाणी त्यांनी ‘शाश्वत जीवन’ असा वाचला. बहुसंख्य अभ्यासकांना हे पटले नाही. आम्हांसही वाटते की, येथे अपेक्षेने पुराव्यावर मात केली.

मग शोकाकुल कुटुंबापुढे ते स्तोत्र आम्ही कोणत्या तोंडाने गावे? निःशंकपणे गावे. स्तोत्रकर्त्याने देवाच्या सहवासाची आस धरली. त्या आशेची पूर्णता ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात झाली. आपली श्रद्धा त्या घटनेवर उभी आहे. शब्दकोशाकडून तिच्यासाठी ओढूनताणून साक्ष मिळविण्याची गरज नाही. डाहूड यांचे अनेक निष्कर्ष मागे पडले, तरी परिचित स्तोत्राचा प्रत्येक शब्द पुन्हा पारखून पाहण्याची त्यांची सवय आपण अवश्य उचलावी.