संत्रा, नारंगी आणि दिवाळीची बाटली

नागपुरात 'संत्रा' म्हटलं की फळाशिवाय आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर येते: देशी दारूच्या दुकानातली, लेबलवर मोठ्या अक्षरांत 'संत्रा' लिहिलेली बाटली. तिचं नाव काढलं की व्हिस्कीचे शौकीन हसतात. पण बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीच्या 'नारंगी'चं नाव काढा. हीच मंडळी गंभीर होतात, ग्लास उजेडाकडे धरतात आणि 'फिनिश' किती लांब आहे यावर बोलू लागतात. फळ एकच, मग मान वेगवेगळा का?

उत्तर आहे, आणि ते तांत्रिक आहे. देशीत संत्र्याचा स्वाद वरून मिसळलेला असतो. नारंगीत आधी ओकच्या लाकडाच्या पिपात शेरी वाइनसोबत संत्र्याच्या साली मुरवतात, मग ते पीप रिकामं करून त्यात माल्ट व्हिस्की ठेवतात. लाकडानं जे शोषून घेतलं, ते हळूहळू व्हिस्कीत उतरतं. फरक खरा आहे. पण तुम्हाला लेबल न दाखवता दिली, तर तो तुमच्या जिभेला कळेल का? मला वाटतं, व्हिस्कीच्या गप्पांत सगळ्यात कमी वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

त्या गप्पा तुम्ही ऐकल्या असतील. एक गट नव्या बाटलीच्या मागे: दिवाळीची आवृत्ती, नाताळची आवृत्ती, राशींची नावं दिलेली मालिका. दुसरा गट हिशेबी: 'अरे, तेवढ्या पैशांत दोन चांगल्या येतात.' पहिला गट दुसऱ्याला कंजूष म्हणतो, दुसरा पहिल्याला भोळा. दोघेही चवीबद्दल बोलतोय असं समजतात. माझं म्हणणं असं, की दोघेही बहुतेक वेळ किमतीबद्दलच बोलत असतात.

नवेपणा कुठे आहे?

आधी नवलाईच्या बाटल्या बघू. माझी कसोटी साधी आहे: नवं काय आहे ते द्रवात आहे की काचेवर?

काचेवरच्या नवेपणाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०१८ साली आलेली जॉनी वॉकरची 'व्हाइट वॉकर'. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या निमित्तानं काढलेली. बाटलीवरची शाई तापमानाला प्रतिसाद देणारी, फ्रीझरमध्ये ठेवली की लपलेली अक्षरं उमटतात. आणि कंपनीची शिफारसही अशीच, की थेट फ्रीझरमधून ओता. आता विचार करा. व्हिस्कीची चव आपण म्हणतो ती बरीचशी वासातून येते. वास येण्यासाठी सुगंधी रेणू द्रवातून उडून नाकापर्यंत पोचावे लागतात, आणि द्रव जितका थंड तितके ते कमी उडतात. म्हणजे बाटलीची गंमत बघायची तर आतल्या व्हिस्कीची चव घालवायची. नवेपणा इथे व्हिस्कीच्या विरुद्ध काम करतो. कपाटात ठेवायला छान आहे, एवढंच म्हणता येईल.

उलट टोकाला अमृतचीच 'फ्यूजन'. हिची पेटी साधी. नवं आहे ते आत: भारतीय सातूसोबत थोडा वाटा स्कॉटलंडच्या, पीटच्या धुरावर वाळवलेल्या सातूचा. पीट म्हणजे दलदलीतली अर्धवट कुजून दडपलेली वनस्पती. ती जाळली की धुरातले फिनॉल दाण्याला चिकटतात आणि थेट ग्लासापर्यंत येतात. २०१० च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरे यांनी फ्यूजनला १०० पैकी ९७ गुण दिले आणि जगातल्या उत्तम व्हिस्कींत तिसरा क्रमांक दिला. त्या गुणांशी तुम्ही सहमत असा वा नसा, इथे नवेपणाचं कारण एका वाक्यात सांगता येतं आणि ते चवीचं कारण आहे. आणि ही एकदाच काढून संपवलेली बाटली नाही. जी कल्पना आधी नवलाई होती ती नेहमीची झाली. माझ्या मते चांगल्या प्रयोगाची हीच खूण.

मधली केस जास्त अवघड आहे. २०२३ साली हरियाणाच्या पिकॅडिली कंपनीच्या 'इंद्री'च्या दिवाळी आवृत्तीला 'व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड अवॉर्ड्स' या अमेरिकेतल्या स्पर्धेत 'बेस्ट इन शो' मिळालं. आपल्याकडे बातमी झाली ती अशी: 'जगातली सर्वोत्तम व्हिस्की भारताची.' आत नवं होतं यात शंका नाही: भारतीय सातू, पीटचा धूर आणि गोड पेद्रो हिमेनेझ शेरीची पिपं. परीक्षणही लेबल झाकून झालेलं. पण स्पर्धेत जिंकणं म्हणजे त्या स्पर्धेत उतरलेल्यांत, त्या परीक्षकांना, त्या दिवशी आवडणं. पदकानं एवढंच सिद्ध होतं, आणि तेही काही कमी नाही. गडबड पुढे होते. मर्यादित बाटल्या, पदक आणि दिवाळी हे तिन्ही एकत्र आले की किमतीत टंचाईचे पैसे मिसळतात. ते पैसे चवीचे नाहीत. तुम्हाला द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण कशाचे देतोय ते माहीत असू द्या.

हिशेबी गटाची चूक

आता तुम्हाला वाटेल मी हिशेबी गटाच्या बाजूचा. थांबा. त्यांचा आवडता युक्तिवाद असा: 'भारतीय माल्टवर वय लिहिलेलं नसतं. त्याच किमतीत बारा वर्षांची स्कॉच मिळते, मग ही का घ्यायची?'

वर्षांनी व्हिस्की मोजणं हे किलोनं पुस्तकं मोजण्यासारखं आहे. पिपातून दरवर्षी काही द्रव उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत साधारण २ टक्के, बंगळुरूच्या हवेत १० टक्के किंवा त्याहून जास्त. हिशेब करून बघा. १०० लिटर पाच वर्षं ठेवले तर २ टक्क्यांनी साधारण ९० लिटर उरतात, १० टक्क्यांनी ५९. आणि उष्णतेत लाकडातून स्वाद उतरण्याचा वेगही जास्त. म्हणून आपल्याकडे चार-पाच वर्षांत व्हिस्की तयार होते, आणि ती चार-पाच वर्षं स्वस्त नसतात. बारा हा आकडा स्कॉटलंडच्या हवेतला आहे. तो इथे आणून 'किफायत' मोजणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात एडिनबरोचं थर्मामीटर वाचणं.

दुसरी अडचण किमतीचीच. महाराष्ट्रात दुकानात दिसणारी किंमत ही मुख्यतः कराची गोष्ट आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला: ज्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याचा उत्पादनखर्च लिटरला २६० रुपयांपर्यंत आहे, त्यावरचं उत्पादन शुल्क खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट. सोबत 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग आला, तो धान्यापासूनच केलेला असला पाहिजे. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ठरली ती अशी: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर १४८, भारतीय बनावटीचं विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०.

ही शिडी नीट बघा. युरोपच्या नियमांत व्हिस्की धान्यापासूनच झाली पाहिजे आणि किमान तीन वर्षं लाकडात राहिली पाहिजे. आपल्याकडे स्वस्त व्हिस्कीचा पाया बरेचदा उसाच्या मळीचा स्पिरिट असतो. म्हणजे धान्याची सक्ती असलेला वर्ग १४८ च्या पायरीवर, आणि मळी चालणारा वर्ग २०५ च्या. किमतीची शिडी ही गुणवत्तेची शिडी नाही. एका निर्णयानं 'परवडणारी' बाटली 'न परवडणारी' झाली, आणि आतला एक थेंबही बदलला नव्हता.

किंमत जिभेवर कशी बसते?

इथे संशोधनाकडे वळू, कारण दोन्ही गट ज्या जिभेवर भरवसा ठेवतात ती जीभ एकटी काम करत नाही.

२००८ साली हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून वाइनचे घोट दिले. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून, एकदा ९० डॉलरची म्हणून. लोकांनी महाग सांगितलेली जास्त आवडल्याचं नोंदवलं. यात ढोंग नव्हतं. मेंदूच्या कपाळामागच्या ज्या भागात सुखाचा अनुभव नोंदला जातो, तिथली हालचालही वाढली होती. त्याच वर्षी रॉबिन गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी ६,००० हून जास्त झाकलेल्या चाखण्यांचा हिशेब मांडला. किंमत माहीत नसताना सामान्य लोकांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. वाइनचं प्रशिक्षण घेतलेल्यांत मात्र हा उलटा कल दिसला नाही.

हे प्रयोग वाइनचे आहेत, व्हिस्कीला जसेच्या तसे चिकटवू नका. पण एक गोष्ट घ्यायला हरकत नाही: किंमत कळली की ती चवीत मिसळते. दिवाळीची बाटली 'खरंच भारी लागली' म्हणणारा खोटं बोलत नाही. आणि 'स्वस्तातली पण काय मस्त आहे' म्हणणाराही नाही, कारण सौदा जिंकल्याचा आनंदही ग्लासात उतरतो. दोघांनाही आलेला अनुभव खरा. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बाटलीबद्दलचा नाही.

घरी करता येईल अशी परीक्षा

माझं रोजचं काम खाण्यापिण्याच्या चवी मोजण्याचं आहे, आणि त्यातली सगळ्यात साधी पद्धत तुम्ही घरी करू शकता. तिला त्रिकोण चाचणी म्हणतात. तीन सारखे ग्लास. दोनांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा. प्रश्न एकच: वेगळा ग्लास कोणता? आवडला का, कितीची असेल, हे विचारायचंच नाही.

नुसत्या अंदाजानं तीनात एकदा बरोबर येतं. म्हणून सहा वेळा करा आणि निदान पाच वेळा बरोबर आलं पाहिजे. चार वेळा येणं नशिबानंही होतं, दहात एकदा तरी. एकाच बैठकीत सहा फेऱ्या करू नका. एका दिवशी दोन, घोट अगदी चमचाभर, हवं तर चाखून थुंकून टाका. आणि राज्याच्या कायद्यानं यासाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते, हेही लक्षात असू द्या.

तीन पथ्यं. पहिलं, थोडं पाणी घाला. २०१७ साली कार्लसन आणि फ्रिडमन या स्वीडिश संशोधकांनी संगणकावर दाखवलं, की पाण्यानं अल्कोहोलचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत किंवा खाली आलं की धुराच्या चवीचा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी जमतो. दुसरं, बर्फ नको. कारण वर आलंच. तिसरं खास नागपूरकरांसाठी: सावजी नंतर. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या उष्णता-ग्राहकाला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही चेतवतं. २००२ च्या एका अभ्यासात दिसलं, की एरवी सुमारे ४२ अंशांना जागा होणारा हा ग्राहक अल्कोहोलमुळे ३४ अंशांनाच जागा होतो. तोंडाचं तापमान त्याहून जास्त असतंच, म्हणून घोट जळतो. त्यावर सावजी मटणाचा रस्सा असेल, तर शेरीचं पीप होतं की प्लास्टिकचा ड्रम, देवच जाणे.

मग घ्यायचं काय?

फरक ओळखता आला आणि आवडला, तर नवी बाटली घ्या. ओळखता आला नाही, तर साधी घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण 'किफायत' हा शब्द जपून वापरा. रुपयाला किती अल्कोहोल, असा हिशेब लावला तर देशीचा क्वार्टर नेहमीच जिंकतो, आणि तो हिशेब रोज लावणारी माणसं आपल्याच शहरात आहेत. त्यांच्यासाठी १४८ आणि २०५ मधला फरक हा गप्पांचा विषय नाही, घरातल्या किराण्याचा आहे. तास-दीड तासावरच्या वर्ध्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्या मागण्यांच्या मागे बाया होत्या, आणि त्यांनी दारूची किंमत वेगळ्याच वहीत मांडली होती.

शौकिनांची टीका मला यासाठी हवी आहे. बाटलीत मळी आहे की धान्य, किती वर्षं लाकडात होती, स्वाद पिपातून आला की वरून घातला, हे प्रत्येक लेबलवर ठळक लिहा, अशी मागणी ज्यांच्या बोलण्याला वजन आहे त्यांनी केली पाहिजे. ती माहिती तीन हजारांच्या बाटलीवर मिळते तशी दोनशेच्या बाटलीवरही मिळाली पाहिजे. 'फिनिश' किती लांब आहे, ते नंतर बोलू.