आवाजाचे दोन कारभारी

मैफलींची परीक्षणे लिहिण्याचे काम मी सातारा-सांगली भागात बरीच वर्षे करीत आलो आहे. या कामात काही वाक्ये हाताला अशी बसून जातात, की ती लिहिताना डोक्याला फारशी तसदी द्यावी लागत नाही. 'तबल्याची साथ अनुरूप होती', 'संवादिनीची साथ समर्पक लाभली', 'रसिकांनी उत्स्फूर्त दाद दिली' ही त्यांतलीच. अगदी शेवटी एक जागा ध्वनिव्यवस्थेची असते. ती चांगली असली तर तिच्याविषयी काहीच लिहायचे नाही, आणि बिघडली तर 'ध्वनिक्षेपणाने मात्र घोर निराशा केली' असे लिहून मोकळे व्हायचे. असेच एक वाक्य माझ्या हातून भलत्याच माणसाच्या माथी मारले गेले. त्याची गोष्ट सांगावी आणि त्या निमित्ताने आपल्या टीकेतली एक उणीव दाखवावी, एवढ्यासाठी हा लेख.

दिवाळीच्या अंकात हा विषय अप्रस्तुत वाटू नये. वाचकांपैकी कितीतरी कुटुंबे अभ्यंगस्नान उरकून, नवे कपडे घालून 'दिवाळी पहाटे'च्या मैफलीला जात असतील. अंगाला उटण्याचा वास, मुलांच्या डोळ्यांवर झोप, आणि समोर ललत. यंदा गेलात, तर एकदा मान वळवून मागे पाहा. खुर्च्यांच्या ओळींमध्ये एक टेबल मांडलेले दिसेल. त्यावर असंख्य खुंट्या आणि सरकपट्ट्यांचा मिक्सर, आणि त्यावर वाकलेला कुणीतरी. हा पाहुणा. तो गायकाबरोबर पुण्याहून किंवा मुंबईहून आलेला असतो. मग रंगमंचाच्या विंगेकडे पाहा. तिथे मनगटात चिकटपट्टीचे वेटोळे अडकवून, खांद्यावर वायर टाकून एक माणूस उभा असेल. हा घरचा, म्हणजे त्या नाट्यगृहातला. तुमच्या कानावर पडणाऱ्या आवाजाचे हे दोन कारभारी. बहुधा त्याच दिवशी चार तास आधी त्यांची पहिली भेट झालेली असते, आणि मैफल संपल्यावर पुन्हा गाठ पडेल याची खात्री नसते.

पूर्वी असे नव्हते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि १८५३ साली आपली मंडळी थेट मुंबईपर्यंत नेली. तेव्हापासून पुढे कित्येक दशके नाटक कंपनी म्हणजे एक फिरते बिऱ्हाडच होते. नट, साथीदार, पडदे ओढणारे, दिवे सांभाळणारे, आचारी, सारे एका पंगतीला जेवत आणि एका गाडीने प्रवास करीत. कोणता नट कोणत्या पदाला मान वर करतो, हे पडदेवाल्यालाही ठाऊक असे. थिएटर परके असले तरी माणसे परकी नव्हती. शिवाय आवाज गळ्यातून निघून सरळ कानात जात होता; मध्ये कुणी मध्यस्थ नव्हता. लाऊडस्पीकर आला आणि हा मध्यस्थ जन्माला आला. पुढे बिऱ्हाड मोडले, मध्यस्थ एकाचे दोन झाले, आणि त्या दोघांची ओळख करून देण्याचे मात्र कुणाला सुचले नाही.

आता माझी चूक. गाव आणि नाट्यगृह सांगत नाही. आमच्याच भागातले, एवढे पुरे. कार्यक्रम ख्यालगायनाचा होता. गायकाने षड्ज लावला आणि त्याच्याखाली एक बारीक घुरघुर सुरू झाली. तंबोऱ्याच्या पोटात भुंगा शिरावा तशी. रंगमंचावरचे दिवे मंद केले की ती वाढे, पूर्ण प्रखर केले की कमी होई. गायकाने दोनदा विंगेकडे पाहिले, तिसऱ्यांदा डोळे मिटून घेतले. खर्जातली आलापी त्याने आवरती घेतली आणि मैफल पाऊण तास आधीच भैरवीला आली. मी घरी जाऊन एका साप्ताहिकासाठी परीक्षण लिहिले. त्यात 'स्थानिक यंत्रणेच्या हलगर्जीपणामुळे एका थोर गायकाचा विरस झाला' असे एक खणखणीत वाक्य होते. ते लिहिताना मला बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

सात-आठ महिन्यांनी त्याच नाट्यगृहाबाहेर चहाच्या गाडीवर तो घरचा माणूस भेटला. पन्नाशीचा, शांत. त्याने माझा चहा सांगितला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही लिवलं त्ये खोटं न्हवतं. घुरघुर हुतीच. मानूस तेवढा चुकला."

मग त्याने सांगितले ते असे. पाहुण्या तंत्रज्ञाने आपल्या यंत्राची वायर रंगमंचाच्या उजव्या बाजूच्या खुंटीत घातली होती. याने सांगितले, की ती दिव्यांची लाइन आहे. आवाजासाठी मागच्या खोलीतून वेगळी ओढलेली आहे, ती घ्या. पाहुणा म्हणाला, "तेवढी लांब वायर नाही, आणि वेळही नाही." याने आपली वायर देऊ केली. त्यावर उत्तर आले, "तुमची वायर नको."

शास्त्र येथे साधे आहे. आपल्या घरातल्या विजेला सेकंदाला ५० आवर्तने असतात. रंगमंचाचे दिवे मंद करणारा डिमर प्रत्येक आवर्तनातल्या दोन्ही लाटांचा काही भाग छाटतो. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा वीज कापली जाते. त्याच लाइनवर आवाजाचे यंत्र जोडले, की हे कापणे स्पीकरमधून घुरघुर बनून बाहेर येऊ शकते. दिवे पूर्ण असले की कापणे जवळजवळ थांबते, म्हणून घुरघुरही घटते. मी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते आणि कानांनी ऐकले होते. दिवा मंद झाला की आवाज बिघडतो, एवढे मला कळले होते. पण त्याचा अर्थ विचारायला मी विंगेत गेलो नाही. सरळ घरी गेलो आणि निकाल लिहिला.

त्या निकालाचा परिणाम काय झाला, हेही त्याने सांगितले, तेही मी खोदून विचारल्यावर. तो कंत्राटावर होता. परीक्षणाचे कात्रण कुणीतरी वर दाखवले, आणि पुढचे तीन महिने त्याला कामावर बोलावले नाही. "दिवाळी त्यातच आली," एवढे बोलून त्याने पेला खाली ठेवला.

आता त्या पाहुण्याला खलनायक ठरवून टाकावे, असा मोह होतो. पण ती माझी दुसरी चूक ठरेल. असे लोक रात्रभर टेम्पोत बसून येतात, आणि गायक नाराज झाला तर पहिला दोष त्यांच्यावर येतो. 'सगळं ओके आहे साहेब' असे दहा नाट्यगृहांत ऐकून त्यांनी विश्वास ठेवलेला असतो आणि दहापैकी चार ठिकाणी ऐन वेळी माइक मुका झालेला असतो. कुठे स्पीकरचा पडदा फाटलेला, कुठे अर्थिंग नावालाच. परक्याची वायर नको म्हणण्यात उर्मटपणा असेल, पण त्यामागे पोळलेली बोटेही असतात. त्यात आयोजकांची भर. चार वाजता आवाजाची चाचणी ठरलेली असते. तेवढ्यात फुलांची सजावट येते, मग दीपप्रज्वलनाची समई कुठे ठेवायची याचा वाद होतो, आणि चाचणीची दहा मिनिटे उरतात. मग प्रमुख पाहुणे येऊन नाजूक माइकवर टकटक करतात आणि वर फुंकर मारतात!

याच्या उलट एक अनुभव साताऱ्यातला. डिसेंबरचा महिना, अजिंक्यताऱ्यावरून उतरणारा गार वारा. पुण्याहून आलेली ध्वनितंत्रज्ञ तिशीतली एक बाई होती. तिने टेम्पोतून सामान उतरवण्याआधी घरच्या माणसाला गाठले आणि विचारले, "काका, तुमचा हॉल कुठं त्रास देतो?" मी योगायोगाने लवकर गेलो होतो, म्हणून हा प्रश्न माझ्या कानावर पडला. असा प्रश्न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

काकांचा चेहरा खुलला. त्यांनी तिला बाल्कनीखाली नेले आणि टाळी वाजवून तिथला कोंदटपणा ऐकवला. शिट्टी कोणत्या कोपऱ्यात मॉनिटर ठेवला की येते, ते दाखवले. मग म्हणाले, "आणि ताई, रिकाम्या हॉलवर जाऊ नका. आत्ता घुमतोय म्हणून आवाज कापाल, पण सात वाजता शाली येतात."

शाली येतात! माणसे येतात असे ते म्हणाले नाहीत. हिवाळ्यात साताऱ्याचा श्रोता शाल, स्वेटर, मफलर घेऊन येतो आणि ही सारी लोकर आवाज पिऊन टाकते. चाचणीच्या वेळी घुमणारा हॉल मैफलीच्या वेळी कोरडा पडतो, आणि त्याच सभागृहातला उन्हाळ्यातला कार्यक्रम वेगळा वाजतो. हे ज्ञान कोणत्याही यंत्राबरोबर पुण्याहून येत नाही.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५च्या सुमारास वॉलेस सबाइन नावाचा एक तरुण प्राध्यापक याच कोड्यापाशी बसला होता. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. सबाइन रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, त्या अंथरी आणि घुमणे किती घटते ते मोजी. त्यातून सभागृहाच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधले आहे. सबाइनने गाद्या मोजल्या, आमच्या काकांनी वर्षानुवर्षे शाली पाहिल्या. एकाचे सूत्र पुस्तकात आहे, दुसऱ्याचे त्याच्या निवृत्तीबरोबर जाणार आहे, एवढाच फरक.

अर्थात बाईंकडेही काही होते, जे काकांकडे नव्हते. गायकाला कानाशी तंबोरा किती लागतो, तारसप्तकात जाताना तो माइकपासून किती मागे सरकतो, तबलजीची डग्ग्याची थाप किती जड, हे तिला पाठ होते. तिने सहाच माइक उघडे ठेवले. काकांनी आणखी दोन देऊ केले, तेव्हा तिने नकार दिला. पण कारणही सांगितले. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी येण्यापूर्वीची सवड सुमारे तीन डेसिबलने कमी होते, म्हणून नको. काका म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हवतं. आम्ही आपलं मागतील तेवढे माइक लावत आलो." 'तुमचं नको' आणि 'यासाठी नको' या दोन नकारांत केवढे अंतर आहे! त्या रात्री मिरजेच्या तंबोऱ्यांची जव्हारी शेवटच्या रांगेपर्यंत सुटी सुटी ऐकू आली. मी मात्र परीक्षणात लिहिले, 'तंबोरे उत्कृष्ट लागले होते.' ते लागले होतेच. पण ते मला ऐकू आले, याचे श्रेय मी नुसते तंबोऱ्यांना देऊन टाकले.

माझे म्हणणे थोडक्यात हे आहे. मैफलीचा आवाज ही दोन अर्ध्या ज्ञानांची बेरीज आहे. पाहुणा गळा जाणतो, घरचा माणूस घर जाणतो. काहीजण म्हणतात, बाहेरच्या पथकाने सारे सामान आणावे आणि स्थानिकांनी बाजूला उभे राहावे. सामान आणता येईल. भिंती, विजेची लाइन आणि शाली कुठून आणणार? काहींचा अभिमान याच्या उलट, की आमच्या नाट्यगृहात आमच्याच माणसाचा हात चालेल. तोही फोल आहे, कारण त्या गायकाचा गळा त्याने आयुष्यात प्रथमच ऐकलेला असतो. उघड्या मैदानावरच्या पहाटेला तर घरच्या माणसाचे आणखी एक काम असते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा मैदानात लाऊडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहाला तेवढी मोकळीक आहे. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवशी मिळते, आणि पहाटेला तिचा उपयोग नाही. पाहुण्याला हा हिशेब समजावून घाई करू न देणारा माणूस गावचाच लागतो.

उपाय खर्चाचे नाहीत. आयोजकांनी चाचणीचा तास समईपासून आणि हारतुऱ्यांपासून वाचवावा. नाट्यगृहाच्या चालकांनी आपल्या जुन्या माणसाकडून सभागृहाचे गुणदोष एका कागदावर उतरवून घ्यावेत आणि तो कागद येणाऱ्या प्रत्येक पथकाच्या हाती द्यावा. दोघांचा चहा एकाच किटलीतून यावा. आभाराच्या वेळी 'ध्वनिव्यवस्थेचेही आभार' असे मोघम न म्हणता दोन नावे घ्यावीत, एक पाहुण्याचे आणि एक घरच्याचे.

आणि आम्ही परीक्षक मंडळींनी विंगेच्या चार पायऱ्या चढाव्यात. निराशा झाली असे लिहिण्याचा आमचा हक्क आहे. ती कुणी केली हे विचारल्याशिवाय लिहिण्याचा नाही. ज्या साप्ताहिकात माझे ते वाक्य छापले होते, ते आता बंद पडले आहे. तिथे दुरुस्ती देण्याची सोय उरली नाही. म्हणून ती येथे देतो. त्या रात्री स्थानिक माणसाकडून हलगर्जीपणा झाला नव्हता. त्याने योग्य ती लाइन दाखवली होती आणि स्वतःची वायरही पुढे केली होती. हलगर्जीपणा माझा होता.

हा अंक निघाला की एक प्रत घेऊन मी त्या चहाच्या गाडीवर जाणार आहे. या वेळी चहा मी सांगणार.