शहराचें देणें : ऑगस्ट विल्सन यांचीं नाटकें

थोर पुरुषाचा गौरव शहरानें कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. रस्त्यास नांव द्यावें, चौकांत पुतळा बसवावा, एखादें सभागृह बांधावें, कीं शहर ऋणांतून मोकळें झालें! परंतु ज्याचा गौरव करावयाचा त्यानेंच जन्मभर त्या शहराच्या देण्याघेण्याचा हिशेब मांडून ठेविला असेल, तर मग काय करावें? अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहर व त्याचे कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन (१९४५–२००५) यांच्या बाबतींत हा पेंच खराखुरा उभा आहे. आणि त्याचें उत्तर त्यांच्या नाटकांतच सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

विल्सन यांचा जन्म त्या शहरांतील हिल डिस्ट्रिक्ट नांवाच्या टेंकडीवरच्या वस्तींत झाला. नेपोलियनवरील निबंध दुसऱ्याचा उतरला असा आळ शिक्षकानें घेतला, तेव्हां पंधराव्या वर्षीं त्यांनीं शाळा सोडली, व पुढचें शिक्षण कार्नेगी ग्रंथालयांत आपलें आपणच करून घेतलें. विसाव्या शतकाच्या दर दशकास एक याप्रमाणें त्यांनीं दहा नाटकें लिहिलीं. त्यांपैकीं नऊ या टेंकडीवरचीं आहेत. 'फेन्सेस' व 'द पियानो लेसन' या दोहोंस अनुक्रमें १९८७ व १९९० सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. या नाटकांत राजे नाहींत, सेनापति नाहींत. कचरा उचलणारा, भाड्याची मोटार हांकणारा, खानावळ चालविणारा, तुरुंगांतून नुकताच सुटलेला, अशीं माणसें आहेत. मात्र तीं बोलूं लागलीं म्हणजे राजांच्या तोंडीं शोभावें असें बोलतात.

आतां या टेंकडीचें झालें काय तें पाहूं. शहरसुधारणेच्या नांवाखालीं १९५६ सालापासून तिचा खालचा भाग पाडण्यांत आला. सुमारें आठ हजार माणसें व चारशेंहून अधिक दुकानें आणि धंदे तेथून उठले. मोकळ्या झालेल्या जागेवर १९६१ सालीं एक भव्य घुमटाचें क्रीडागृह उभें राहिलें. पन्नास वर्षांनीं तेंहि पाडण्यांत आलें, व पुष्कळ काळ तेथें मोटारी उभ्या करण्याचें मैदान उरलें. उरलेल्या टेंकडीनें तरीहि शहरास देणगी दिली. १९६७ सालीं येथें 'फ्रीडम हाऊस' ही रुग्णवाहिका-सेवा निघाली. त्या काळीं आजाऱ्यास बहुधा पोलिसांच्या गाडींत घालून नेत. या सेवेनें वस्तींतल्याच तरुणांस वाटेंत उपचार करण्याचें पूर्ण शिक्षण दिलें, व पुढें साऱ्या देशास तो कित्ता झाला. १९७५ सालीं शहरानें स्वतःची सेवा सुरू केली आणि ही बंद पडली.

हा इतिहास समोर ठेवून 'टू ट्रेन्स रनिंग' वाचावें. काळ १९६९ चा. मेम्फिस याच्या खानावळीची इमारत शहर ताब्यांत घेऊन पाडणार आहे. तो पंचवीस हजार डॉलरांवर अडून बसतो, आणि अखेर शहर त्यास पस्तीस हजार देतें. त्याच खानावळींत हॅमबोन नांवाचा एक भ्रमिष्ट रोज येतो. त्यानें साडेनऊ वर्षांपूर्वीं लुट्झ या खाटकाचें कुंपण रंगविलें होतें. काम चांगलें झाल्यास खारविलेली डुकराची मांडी, म्हणजे हॅम, आणि तसें न झाल्यास कोंबडी, असा ठराव होता. लुट्झ कोंबडी घे म्हणतो. हॅमबोन हॅमच मागतो, आणि तें मागतां मागतांच मरतो. शेवटीं एक तरुण लुट्झच्या दुकानाची कांच फोडून हॅम आणतो, तें त्याच्या शवपेटींत ठेवावें म्हणून. शहर मेम्फिसला पैसे देतें. हॅमबोनला मात्र कोणी कांहीं देत नाहीं. नाटकाचें सारें मर्म आम्हांस या दोन हिशेबांत दिसतें. हॅमबोन भीक मागत नाहीं. ठरलेलें मागतो.

विल्सन यांच्या लेखनांत दोष नाहींत असें नाहीं. भाषणें कधीं कधीं इतकीं लांबतात कीं कथानक वाट पाहत उभें राहतें. याच नाटकांतील रीसा, जिनें पुरुषांच्या नजरेला विटून आपल्या पायांवर स्वतः वार करून घेतले आहेत, तिला बोलावयास मात्र थोडेंच मिळतें. अखेरच्या 'रेडिओ गोल्फ' (२००५) मधील श्रीमंत पात्रांची भाषाहि खानावळींतल्या पात्रांइतकी रसरशीत नाहीं. पण त्यांतील पेंच मोलाचा आहे. नगराध्यक्षपदाचा कृष्णवर्णीय उमेदवार टेंकडीच्या पुनर्रचनेची योजना आणतो, आणि तिच्या आड येणारें जुनें घर आपण बेकायदा घेतलें आहे असें त्यास आढळतें. तो अखेर कुंचला उचलून त्या घराकडे निघतो.

पिट्सबर्गनें विल्सन यांचा गौरव दोन रीतींनीं केला आहे. शहराच्या मध्यभागीं त्यांच्या नांवाचें कलाकेंद्र २००९ सालीं उघडलें. तें लवकरच कर्जांत बुडालें, व २०१४ सालीं धर्मादाय संस्थांनीं तें विकत घेऊन वांचविलें. दुसरा गौरव म्हणजे बेडफर्ड अव्हेन्यूवरील त्यांचें पडकें जन्मघर दुरुस्त करून २०२२ सालीं कलेसाठीं खुलें केलें, हा. यांत दुसरा आम्हांस अधिक सच्चा वाटतो, कारण तो टेंकडीवर आहे आणि त्यांत पाडलेलें पुन्हा उभें करण्याचा थोडासा प्रयत्न आहे.

तथापि तेवढ्यानें फेड होत नाहीं. खालच्या टेंकडीवर नव्यानें जें उभें राहील, त्यांत उठविलेल्यांच्या मुलांनातवंडांस घर, दुकान व काम मिळालें, तरच तो गौरव. एरवीं पुतळे कितीहि बसवा. लुट्झची कोंबडीच ती.