हक्क साठ वर्षांचा, कमाई पहिल्या आवृत्तीची

धाराशिव जिल्ह्यात ढोकीच्या शेजारी तेर आहे. तिथल्या संत गोरोबाकाकांचा संसार कुंभारकामावर चाले, अभंगांवर नव्हे. सातशे वर्षांनंतरही मराठी लेखकाची स्थिती फारशी पालटलेली नाही. याच जिल्ह्यातल्या भास्कर चंदनशिव यांनी ‘लाल चिखल’सारखी कथा दिली, पण चरितार्थ प्राध्यापकीवर चालवला. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या महाविद्यालयात, नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत.

कायदा मात्र उदार दिसतो. 1957च्या कायद्यात स्वामित्वहक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा ती 60 वर्षे करण्यात आली. त्यामुळे 1950 साली गेलेल्या साने गुरुजींचे साहित्य 2011पासून खुले झाले आणि ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी काढली. वाचकाला त्याचा लाभच झाला. अण्णाभाऊ साठे 1969 साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क 2029 अखेरपर्यंत टिकेल. पण ‘फकिरा’ लिहिणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे हलाखीत गेली. मरणोत्तर साठ वर्षांनी त्या हलाखीत काय फरक पडला?

हिशेब साधा आहे. 300 रुपये किमतीच्या पुस्तकाच्या हजार प्रती विकल्या गेल्या आणि मानधन दहा टक्के ठरले असेल, तर लेखकाच्या हाती 30,000 रुपये येतात. कादंबरीला तीन वर्षे लागली असतील, तर महिन्याला हजारही पडत नाहीत. ही आवृत्ती संपायलाच काही वर्षे गेली, तर मुदत साठ असो की शंभर, लेखकाच्या घरखर्चाला तिचा उपयोग नाही.

खरी झुंज कराराच्या कागदावर आहे.

हक्क देण्याचा करार लेखी हवा, त्यात मानधन नमूद हवे आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, असे कायदा सांगतो. 2012च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवी-संगीतकारांना मानधनातला न हिरावता येणारा वाटा दिला. पण पहिले पुस्तक छापून येण्याच्या आनंदात ग्रामीण भागातला तरुण लेखक ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांखाली सही करतो, आणि हे संरक्षण कागदावरच राहते.

दुसरी वाट ग्रंथालयांची. डेन्मार्कने 1946 साली आणि ब्रिटनने 1979च्या कायद्याने, ग्रंथालयातून वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी लेखकाला सरकारी मोबदला देण्याची सोय केली. महाराष्ट्रात 1967पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अनुदानित ग्रंथालये आहेत. लेखकाला मात्र अशा वाचनाचा एक रुपयाही मिळत नाही. 2020 साली धाराशिवला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा संमेलनांच्या ठरावांत हीच मागणी पहिली असायला हवी. तोवर नव्या लेखकांनी मुदत, टक्केवारी आणि छापील प्रतींची संख्या लिहिल्याशिवाय कोणत्याही करारावर सही करू नये.