सुरवंटाचे पुस्तक आणि भंडाऱ्याचा कोसा

लहान मुलांसाठी चित्रपुस्तक निवडताना आपण बहुधा चित्रे रंगीत आहेत का, अक्षर मोठे आहे का आणि तात्पर्य काय, एवढे पाहतो. विज्ञानाचा शिक्षक आणखी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे माहिती बरोबर आहे का. तात्पर्याची चौकशी सोडून दिली तरी चालेल असे माझे मत आहे. मात्र माहितीची कसोटी वाटते तितकी सरळ नाही. एका प्रसिद्ध पुस्तकावर ती लावून पाहू.

एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' १९६९ साली अमेरिकेत निघाले आणि पुढे साठांहून अधिक भाषांत गेले. पानावरच्या अंड्यातून इवलासा सुरवंट बाहेर येतो. सोमवारी तो एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नाशपाती, आणि असे वाढत शुक्रवारी पाच संत्री. शनिवारी केक, आइसक्रीम, चीज असे नाना पदार्थ खाऊन त्याचे पोट दुखते. रविवारी एक हिरवे पान खाल्ल्यावर त्याला बरे वाटते. त्याने खाल्लेल्या फळांत खरोखरची भोके पाडलेली आहेत, आणि बालवाडीतल्या मुलाचे बोट त्या भोकात गेल्याशिवाय राहत नाही. वार, संख्या, क्रम हे सारे शिकवल्याचा आव न आणता येते. शेवटी सुरवंट स्वतःभोवती तपकिरी घर बांधतो, दोन आठवड्यांहून जास्त आत राहतो, मग ते कुरतडून भोक पाडतो आणि फुलपाखरू होऊन बाहेर पडतो.

आता चुका पाहू. सुरवंट केक खात नाहीत. बहुतेक जातींचे सुरवंट ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. ही चूक मला मुळीच खटकत नाही. शनिवारच्या पानावर मुले हसतात, कारण सुरवंट पाने खातो हे त्यांना ठाऊक असते. ती थट्टा त्यांना थट्टा म्हणूनच कळते.

शेवटच्या पानाचे तसे नाही. फुलपाखराची अळी बहुधा असे घर विणत नाही. ती अखेरची कात टाकते आणि आतून उघडा कोश दिसू लागतो. रेशमाचे आवरण विणतात ते मुख्यतः पतंग. कार्ल यांना हे अनेकांनी विचारले. लहानपणी आपले वडील आपल्याला 'कोशातून बाहेर ये' असे म्हणत, त्यातून तो शब्द आला, असे त्यांचे उत्तर होते. 'पार्नासिअस' या फुलपाखरांच्या अळ्या असे आवरण करतात, असाही दाखला त्यांनी दिला. तो खरा आहे, ती फुलपाखरे आपल्या हिमालयातही आहेत. पण अपवाद सांगून नियम शिकवता येत नाही.

मराठीत तर ही चूक दिसतच नाही. इंग्रजीत दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आपण पुष्कळदा दोन्हींना 'कोश' म्हणून मोकळे होतो. वास्तविक विणलेल्या घराला आपल्याकडे 'कोसला' हा चांगला शब्द आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या कादंबरीमुळे तो सर्वांच्या तोंडी आहे, पण विज्ञानाच्या तासाला तो आपण वापरत नाही. भंडारा जिल्ह्यात तर 'कोसा' हा शब्द घरातलाच. इथली धिवर कुटुंबे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात, पक्ष्यांपासून व मुंग्यांपासून त्या राखतात. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाचे कापड विणले जाते.

अशा घरातले मूल त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी आले की काय होईल? कोशातून फुलपाखरू नव्हे, पतंग निघतो, हे त्याच्या घरी माहीत असते. पतंगाला कुरतडायला जबडेच नसतात. तो तोंडातून पाझरणाऱ्या द्रवाने कोशाचे एक टोक मऊ करतो आणि धागे बाजूला सारून बाहेर येतो. पाखरू निघून गेलेल्या कोशाचा सलग धागा काढणे अवघड, त्याचे सूत कातावे लागते. म्हणून बियाण्यापुरते कोसे ठेवून बाकीचे आधीच उकळतात. त्या भोकावर घरचे चार पैसे अवलंबून असतात. छापील पुस्तक एक सांगते आणि बाप दुसरे. अशा वेळी गुरुजींच्या हातातले पुस्तकच खरे, असे मुलाने ठरवले तर नुकसान एका शब्दाचे नाही. घरचे ज्ञान हे ज्ञान नव्हे, असा धडा ते मूल त्या दिवशी शिकते.

या दोन चुकांतला फरक माझ्या मनचा नाही. टोरांटो विद्यापीठातील पॅट्रिशिया गानेआ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलांना त्यांनी अनोळखी प्राण्यांची पुस्तके वाचून दाखवली. प्राणी माणसासारखे बोलतात-वागतात अशी भाषा ज्या पुस्तकांत होती, ती ऐकलेल्या मुलांनी खरी माहिती कमी उचलली आणि प्राण्यांना माणसाचे गुण चिकटवले. प्राणी अनोळखी होते, हे महत्त्वाचे. यावरून मी माझ्यापुरता असा अर्थ काढतो की बकरी, कावळा, मांजर यांना पुस्तकात खुशाल बोलू द्यावे. पेंग्विन मात्र पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो पेंग्विनच असावा.

मराठी पुस्तकांत माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच मला आवडतो. घरातली माणसे जशी असतात तशी त्यात येतात आणि उपदेश कोणी करत नाही. घर शहरी आहे खरे, पण लाखांदूरच्या मुलाला 'आमच्याकडे असं नसतं' म्हणता येईल इतके ते स्पष्ट काढलेले आहे. गुळगुळीत चार्टवर, जिथे हत्ती आणि मुंगी एकाच मापाच्या चौकटीत बसवलेली असतात, तिथे असे म्हणायला काही सापडतच नाही.

कार्ल यांचे पुस्तक मी शाळेतून काढणार नाही. तपकिरी घराच्या पानाशी थांबून एक कोसा मुलांच्या हातात द्यावा. भोक पडलेला आणि न पडलेला असे दोन मिळाले तर उत्तमच. शाळेजवळ लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड असेल तर त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधावी. ती पुढे हिरवी होते आणि कंबरेला रेशमाचा एकच धागा बांधून उघडाच कोश करते. आठवडा-दीड आठवड्यात त्यातून फुलपाखरू निघते. मग पुस्तकाचे शेवटचे पान पुन्हा उघडावे आणि तिथे काय काढायला हवे होते, ते मुलांनाच काढू द्यावे.