प्रवेशाची पुरवणी आणि दाराबाहेरचा विद्यार्थी

बारावीचा निकाल लागला की मराठी दैनिकांच्या पुरवण्या जाड होतात. अशी एक पुरवणी मी वर्गात नेली आणि मुलांना वाचायला दिली. वरच्या अर्ध्या पानावर एका संस्थाचालकांची मुलाखत होती, खालच्या अर्ध्यावर त्याच संस्थेची जाहिरात. त्याच दैनिकाच्या शैक्षणिक मेळाव्यात तीच संस्था 'सहप्रायोजक', आणि संस्थेच्या महोत्सवात तेच दैनिक 'माध्यम भागीदार'. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हेच्यात फी किती ता खंय लिवलेला आसा?" सोळा पाने उलटली. फी कुठेच नव्हती.

या प्रश्नापासूनच या पुरवण्यांची समीक्षा सुरू झाली पाहिजे. पुरवणी हाही एक वाङ्मयप्रकार आहे. तिला नायक आहे : शहरातला, इंग्रजी बोलणारा, ज्याला फक्त 'आवड' ओळखायची आहे. कोणत्या वाटेने जावे एवढाच त्याचा प्रश्न. वाट आहे की नाही, हा नव्हे. जात पडताळणीचा दाखला वेळेत मिळाला नाही तर राखीव जागेचे काय होते, शिष्यवृत्ती येईपर्यंत फी कोणी भरायची, सरकारी वसतिगृहात जागा नसेल तर 2016-17 पासूनच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज कुठे करायचा, याबद्दल या वाङ्मयात मौन आहे. हे मौन अनवधानाचे नाही. ज्याच्याकडून संस्थेला रोख फी मिळणार नाही, त्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या मजकुराला प्रायोजक मिळत नाही.

दोडामार्गात हे अधिक बोचते. इथून गोव्याची हद्द पायाखाली आहे. डिचोली, म्हापसा आमच्या मुलांना मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. आमचे महाविद्यालय मात्र मुंबई विद्यापीठाचे. गोव्यातल्या संस्थांच्या जाहिराती इकडे वाचायला मिळतात. पण महाराष्ट्राचा जातीचा दाखला तिकडच्या राज्याच्या राखीव जागेला चालत नाही, हे कोणी छापत नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये हे तत्त्व सांगितले. मुलाला ते कळते खिडकीशी उभे राहिल्यावर.

कोणी म्हणेल, वृत्तपत्रे जाहिरातीवरच जगतात. हे आम्हाला शिकवायला नको. 1920 मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही. पैशाच्या ओढाताणीत 'मूकनायक' बंद पडला, 1929 मध्ये 'बहिष्कृत भारत'ही थांबला. तेव्हा जाहिरात घेणे हा दोष नव्हे. जाहिरातीला बातमीचे कपडे घालणे हा दोष आहे. एके काळी आमचे पैसेही चालले नाहीत. आज ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचे शब्दही चालतात. या दोन्ही वेळी दाराबाहेर उभा राहिलेला माणूस मात्र तोच आहे.

हा व्यवहार एका पुरवणीपुरता नाही. 2005 च्या सुमारास टाइम्स समूहाने 'प्रायव्हेट ट्रीटीज' ही पद्धत आणली : कंपनीने भागभांडवल द्यायचे, समूहाने जाहिरातीची जागा. ज्याच्या नफ्यात आपला वाटा, त्याची बातमी कठोरपणे कोण लिहिणार? 2010 मध्ये प्रेस कौन्सिलने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर अहवाल काढला. त्याचा रोख मुख्यतः निवडणुकीवर होता. शिक्षणातही तसेच घडते. आयआयपीएम या संस्थेच्या पानभर जाहिराती देशभरच्या दैनिकांत वर्षानुवर्षे झळकल्या. तिने 'एमबीए' हा शब्द वापरू नये असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये बजावले. तोवर किती बापांनी जमिनी विकल्या असतील?

आणि 'विद्यार्थी जीवन'? ते या पानांवर नृत्य, फॅशन आणि महोत्सव यांपुरते असते. रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 रोजी आणि पायल तडवी 22 मे 2019 रोजी गेली, तेव्हा विद्यार्थ्याला जात असते हे पहिल्या पानाला कळले. कॅम्पसच्या पानाला ते जिवंतपणी का कळले नाही? आमचा विद्यार्थी जगत असताना बातमी होत नाही, मेल्यावरच होतो. पानाची भागीदारी ज्या महाविद्यालयाशी आहे, त्याच्या वसतिगृहात शिरून पंगत कशी बसते हे पाहायला तो बातमीदार जाणार नाही.

मी स्वतः घरातला पहिला पदवीधर. मला प्रवेशाची वाट एका शिक्षकाने आणि एका कार्यकर्त्याने दाखवली, कोणत्याही पुरवणीने नव्हे. म्हणून नुसता निषेध मला पुरेसा वाटत नाही. आपले वाचक शिक्षक, विद्यार्थी, कार्यकर्ते आहेत. निकालाच्या आठवड्यात प्रत्येक तालुक्यात आपण एक साधा कागद काढू शकतो : महाविद्यालयांची खरी फी, शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा, दाखल्यांची यादी व मुदत, वसतिगृहांचे पत्ते, तक्रार कोणाकडे करायची ते. त्यावर प्रायोजक नसेल. तो एस.टी. स्टँडवर, विहारात, शाळेच्या फळ्यावर लागेल.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदाच्या पहिल्या ओळीत हवे.